खुरट्याची चकती

"साहेब, बाईसाहेबांनी स्वतः किती झाडांना पाणी घातलं?"

हा प्रश्न विचारायची पैज लांबडीने लावली होती. मी जिंकले तर वर्षभर खिडकीजवळची जागा माझी, हरले तर वर्षभर तिचं दप्तर मी वाहायचं. चष्मा मध्यस्थ. आम्हा तिघींचं सगळं असंच चालतं. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा इतक्या हळू द्यायचे की दोनदा मी समोर बसलेली असताना मला गैरहजर मांडलं होतं. मग एकदा वर्गाच्या बाईंनी धडा मोठ्याने वाचायला लावला, आणि काय झालं कोण जाणे, आवाज फुटला तो फुटलाच. आता सगळी शाळा मला भोंगा म्हणते. म्हणू दे. भोंग्याचं ऐकावं तरी लागतं.

समोर धाकटे साहेब बसले होते. बाईसाहेब म्हणजे त्यांची आई. त्यांचे वडील, मोठे साहेब, वीस वर्षं खुर्चीवर होते, आणि त्या वीस वर्षांत बाईसाहेबांनी रस्त्यांच्या कडेला झाडं लावली, विहिरींभोवती फुलं लावली, भिंतींवरच्या जाहिराती पुसून घेतल्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. आता खुर्चीवर मुलगा आहे, आणि शुक्रवारी आमच्या गावाच्या तोंडाशी बाईसाहेबांच्या नावाच्या बागेचा पहिला दगड बसायचा होता. त्याची वर्दी द्यायला स्वारी शाळेत आली होती. "विचारा मुलांनो, काहीही विचारा," असं म्हणायची चूक त्यांनीच केली.

"हजारो, बेटा," ते हसून म्हणाले. "मोजदादच नाही. आईचे हात कायम मातीत असायचे."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खिडकी माझी झाली होती, मला आणखी काय हवं होतं.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांनी बोलावलं. मला वाटलं आता कान उपटणार. त्यांनी दोन पानं हातात दिली. वर लिहिलं होतं, 'बाईसाहेबांचे जीवनकार्य.'

"एवढा घसा आहे तर कामाला लाव. शुक्रवारी भाषण तू करायचं. आणि एक शब्द इकडचा तिकडे नको."

घरी निघाले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. लागले ते रस्त्यावर आल्यावर.

आमच्या गावाचा रस्ता म्हणजे एका बाजूला उघडा मुरूम आणि दुसऱ्या बाजूला शेतं. मधे बाईसाहेबांची एकसष्ट झाडं, एका रांगेत. दुपारचा वारा मुरमावरून धूळ उचलून आणतो आणि या झाडांवर आपटतो. पानं तांबडी होतात, शेतं हिरवी राहतात. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला तारेत अडकवलेली पत्र्याची एक चकती असायची, तेलाच्या डब्याच्या झाकणातून कापलेली. तिच्यावर खिळ्याने टोचून एक आकडा आणि एक नाव. नाव बाईसाहेबांचं नाही. त्या झाडाला ज्याने पाणी घातलं त्याचं. वर्षातून एकदा ज्याची चकती त्याने येऊन तार सैल करायची, नाहीतर खोड वाढून तार सालीत रुतते. जे लोक मेले किंवा गाव सोडून गेले त्यांच्या तारा रुतल्याच होत्या.

गेल्या आठवड्यात या सगळ्या चकत्या माझ्या बाबांनी काढल्या. बाबा गावच्या कचेरीत माळी आहेत. बागेत काचेचं कपाट होणार आहे, त्यात चकत्या चकचकीत करून मांडणार, असं त्यांना साहेबांच्या माणसाने सांगितलं होतं. बाबा पक्कड घेऊन तीन दिवस खपले. रुतलेल्या तारा साल न दुखवता काढायला त्यांनी एकेका झाडापाशी तास तास घालवला. जेवताना सांगायचे, "आपल्या गावच्या चकत्या काचेत बसणार." इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

त्या दिवशी झाडांवर तांबड्या फुल्या होत्या. ओल्या. एक माणूस डबा आणि ब्रश घेऊन चौदाव्या झाडापाशी उभा होता.

"काका, हे काय?"

"दिसत नाही? फुली."

"कशाची?"

"झाडावर मारतात ती. सोमवारपासून करवत. बागेला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला जागा लागणार ना."

"बाईसाहेबांच्या बागेसाठी बाईसाहेबांची झाडं तोडणार?"

"मी रंगवतो गं. डोकं चालवायला दुसरी माणसं आहेत."

"पण विचारलं कोणाला? ज्याचं पाणी त्याला विचारल्याशिवाय फांदीसुद्धा तोडत नाहीत इथे."

"माहितीये. कचेरीच्या वहीत लिहिलंय तसं. झाडावर चकती असेल तर चकतीवाल्याला विचारा." त्याने ब्रशने सगळी रांग दाखवली. "दाखव बरं एक तरी चकती. नाही ना? मग बेवारस. सरक जरा, शाळेच्या कपड्यांवर थेंब पडेल."

मी सरकले. माझं मलाच पटत नाही, पण सरकले. डोक्यात एवढंच होतं की पक्कड बाबांच्या हातात होती.

आई कांद्याच्या वाफ्यात खुरपत होती. आमचं रान रस्त्याला लागून, एकोणीस नंबरच्या झाडाआड. एकोणीस नंबर आईचं. अकरा वर्षांची असताना तिने त्याला पाणी घातलं. आता त्याची सावली आमच्या अर्ध्या वाफ्यावर येते. त्याच्यावरही फुली होती आणि आई तिच्याकडे पाठ करून खुरपत होती. खुरपं जमिनीत असं घुसत होतं की कांद्यांची काळजी वाटावी.

मी सगळं एका दमात सांगितलं. पैज, प्रश्न, हजारो, भाषण, फुल्या.

"एक," आई म्हणाली.

"काय एक?"

"बाईंनी पाणी एका झाडाला घातलं. हजारो म्हणे. एक."

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कोणाला माहीत असणार. तुझा प्रश्न तुझ्याआधी मी विचारलाय." खुरपं थांबलं. "इथे मुरूम होता नुसता. वारा सुटला की रोपं धुळीखाली गाडली जायची, तुझे आजोबा फडक्याने एकेक रोप झटकायचे. एक दिवस गाडी आली. बाई उतरल्या, मागे चार अधिकारी, प्रत्येकाच्या हातात नवं कोरं फावडं. फोटोवाला. रोप लावलं, फोटो काढला, सगळे गाडीकडे निघाले. मी तिथेच उभी होते, नाक पुसत. म्हटलं, याला पाणी कोण घालणार?"

"तू म्हणालीस?"

"मग काय. तुला वाटतं तोंड तुलाच आहे? तुझ्या आजोबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. पण बाई परत फिरल्या. म्हणाल्या, विहीर कुठे आहे, दाखव. त्या काळ्या चकचकीत बुटांत विहिरीपर्यंत आल्या आणि बादली उचलून निघाल्या. अर्धं पाणी बुटांवर. झाडापाशी पोचल्या तेव्हा धाप लागली होती. अधिकारी म्हणतात, बाईसाहेब, द्या इकडे. त्या म्हणाल्या, गप्प बसा, मला कळू दे किती जड असते ते."

आई हसली नाही, पण हसायच्या जवळ गेली.

"तिथेच म्हणाल्या, हे माझ्याने एकाचंच होईल. ज्याचं पाणी त्याचं झाड, नावही त्याचंच. कचेरीच्या वहीत लिहून घेतलं, साहेबांची सही आणली. आणि स्वतःच्या एका झाडाला पंधरा दिवसांनी यायच्या. म्हणजे यायचं म्हणायच्या. निवडणूक लागली की साहेबांच्या शेजारी हसत उभं राहायला लागायचं, महिना महिना. तेवढ्यात झाड वाळायचं. मग यायच्या आणि झाडापाशी उभ्या राहून स्वतःलाच शिव्या घालायच्या. म्हणून तर खुरट्या तसा आहे."

खुरट्या म्हणजे एकसष्ट नंबर, रांगेतलं शेवटचं. बाकी झाडं दोन माणसं उंच, तर हे माझ्या डोक्याएवढं. वाकडं, एका बाजूला फांद्याच नाहीत. आम्ही लहानपणी त्याला चिडवायचो. मला माहीत नव्हतं ते कोणाचं आहे.

"खुरट्यावर फुली आहे?" मी विचारलं.

"पहिली तिथेच मारली. बागेचं फाटक तिथे येणार."

बाबा संध्याकाळी आले. आईने ताट वाढलं आणि समोर आदळलं. मग मी सुरू झाले. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, कारण त्यातलं काही बोलायला नको होतं. 'तुम्हाला काचेचं कपाट दाखवलं आणि तुम्ही भुललात' एवढं नक्की बोलले.

बाबा जेवत राहिले. मग घास खाली ठेवला.

"मला म्हणाले कपाट."

"आणि फुल्या कधी कळल्या?"

"सोमवारी."

"आज बुधवार आहे, बाबा."

"मला दिवस कळतात."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलू? साहेबांच्या माणसाला विचारलं मी. म्हणालो, कपाटाचं काय. तो म्हणाला, कसलं कपाट, भंगारात टाक त्या. वर म्हणाला, तुझी जागा भरायला दहा माळी बाहेर उभे आहेत."

आई इतका वेळ भांडी घासत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "बाईंनी एकदा साहेबांचंच चित्र उतरवलं होतं."

"आता ते कशाला," बाबा म्हणाले.

"हिला सांगते. निवडणुकीचं चित्र होतं, दाराएवढं. कार्यकर्त्यांनी ते माझ्या झाडाला खिळे मारून ठोकलं. बाई आल्या, बघितलं, आणि भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, स्वतःच्या नवऱ्याचा चेहरा फाडून काढला. खिळे दातांनी काढायच्या बाकी होत्या. लोक म्हणाले, वेड लागलं. साहेब तर सभेत म्हणायचे, आमच्या घरात एक फुलवाली आहे. सगळे हसायचे. बाई शेजारी बसून ऐकायच्या."

"त्या बाईसाहेब होत्या," बाबा म्हणाले. "मी माळी आहे."

"त्यांनाही संध्याकाळी त्याच नवऱ्याच्या घरी जायचं होतं."

बाबांनी ताट बाजूला सारलं. हात धुतले, पलंगाखाली वाकले आणि एक पोतं ओढून बाहेर काढलं. खळखळ आवाज झाला.

"भंगारात नाही टाकवल्या," ते म्हणाले.

एकसष्ट चकत्या. प्रत्येकीची तार त्यांनी सरळ करून गुंडाळून ठेवली होती. मला त्यांचा राग आला होता तो तिथेच होता, पण आता तो त्यांच्यावर कुठे ठेवावा तेच कळेना. मग मी तो बाहेर न्यायचं ठरवलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी पोतं घेऊन गावात फिरलो. लांबडीने पोतं उचललं, हरलेल्याने ओझं वाहायचं म्हणून. चष्मा नावं वाचायची. मी बोलायचे.

"चकती परत घ्या आणि आज सूर्य मावळायच्या आत झाडाला अडकवा. चकती लटकली की त्यांना तुम्हाला विचारावं लागेल. वहीत तसं आहे."

शाळेतल्या घंटेवाल्या मावशींनी चकती हातात घेतली आणि लगेच चपला घातल्या. लोहार म्हणाला, "तुझ्या बापाने काढली आणि तू आणून देतेस, असा कसा तुमचा कारभार?" मी म्हटलं, "तो कारभार घरी मिटला, तुमचा सांगा." तो हसला, आणि स्वतःची तर घेतलीच, वर शेजारच्या तीन मेलेल्या माणसांच्या चकत्या त्यांच्या मुलांकडे पोचवतो म्हणाला. पोस्टमन काकांनी सायकलवरून न उतरता विचारलं, "माझी बारा ना? दे इकडे, जाता जाता टाकतो." पत्र टाकावं तसं म्हणाले.

पण सगळे तसे नव्हते. गिरणीवाल्याने आम्हाला दारातूनच परत पाठवलं. "मुलाची बदली साहेबांच्या हातात आहे. मला ते झाड आठवतच नाही." आठवत नाही? सतरा नंबर, त्याच्या गिरणीवर सावली पडते, त्याच्याखाली बसून तो रोज पेपर वाचतो. एका काकूंनी चकती घेतली, ओंजळीत धरली, डोळे पुसले आणि परत पोत्यात टाकली. "बाई चांगल्या होत्या गं," म्हणाल्या. मला गिरणीवाल्यापेक्षा या काकूंचा जास्त राग आला. चांगल्या होत्या म्हणून रडायचं, आणि त्यांनी दिलेलं हातात घ्यायचं नाही. भाषणाचा कागद मी मधे एकदा उघडला. दोन पानांत 'निसर्गप्रेमी' हा शब्द सहा वेळा होता. 'पाणी' एकदाही नव्हतं. 'बादली' तर नाहीच.

सूर्य खाली गेला तेव्हा एकोणतीस झाडांवर चकत्या होत्या. एकोणीस नंबरवर आईने स्वतः तार आवळली, तांबड्या फुलीच्या बरोबर मधोमध. रंगवाला काका घरी चालला होता. थांबून बघत राहिला आणि म्हणाला, "उद्या मला परत यायला लावणार तुम्ही." पण आवाजात तक्रार नव्हती.

पोत्यात उरलेल्या चकत्यांत तळाशी एकसष्ट नंबरची होती. नुसतं 'बाई' असं टोचलेलं, अक्षरं वाकडी. खिळा धरायची सवय नसलेल्या हाताची. पद्धत अशी आहे की पाणी घालणारा बदलला तर नवं नाव जुन्याच्या खाली टोचायचं. या चकतीवर खाली जागा तशीच मोकळी होती.

"चार वर्षांत कोणीच कसं टोचलं नाही?" मी आईला विचारलं.

"कोण धजणार? बाईंच्या नावाखाली आपलं नाव? मी उरलेली बादली ओतायची कधी कधी, बस. झाड तग धरून आहे ते त्याच्या हट्टाने."

लांबडी आणि चष्मा घरी गेल्या. मी विहिरीवर गेले. बादली भरली आणि रस्त्याच्या शेवटापर्यंत नेली. अर्धं पाणी माझ्याही चपलांवर गेलं. वारा पडला होता, पण हवेत धूळ तशीच लटकत होती, दातांखाली करकरत होती. खुरट्याच्या बुडाशी माती इतकी कोरडी की पाणी आधी वरच तरंगलं, मग एकदम आत गेलं, गटकन, जसं कोणी वाटच बघत होतं. मी आणखी दोन खेपा केल्या. हात भरून आले. बाईसाहेबांचं म्हणणं खरं होतं, बादली जड असते.

घरी आले तेव्हा आई आणि बाबा उंबऱ्यावर बसले होते, एकमेकांशी न बोलता, पण शेजारी शेजारी. मी बाबांच्या पेटीतून हातोडी आणि खिळा घेतला, चकती पायरीच्या दगडावर ठेवली आणि 'बाई'च्या खाली टोचायला बसले. पहिलं अक्षर चुकलं. बाबांनी न मागता हात पुढे केला आणि चकती धरून ठेवली, हलू नये म्हणून. पूर्ण नाव होईपर्यंत धरून ठेवली. मग विचारलं,

"उद्याच्या भाषणाचं काय? तुझ्या मुख्याध्यापिकांना मी काय सांगू?"

"आणि बाबांच्या नोकरीचं काय, तेही बघ," आई म्हणाली. ती अडवत नव्हती. फक्त सगळं समोर ठेवत होती, तेलाच्या डब्यापासून मिठाच्या बरणीपर्यंत सगळं ओट्यावर मांडावं तसं.

मी ते पाहिलं. बाबांचे हात पाहिले, तीन दिवस तारा काढून कापलेले. भीती वाटली, नाही असं नाही. पण राग भीतीपेक्षा मोठा होता आणि आवाज माझा होता.

"ते कागदावरचं भाषण मी करणार नाही," मी म्हटलं. "उद्या साहेब दगड बसवायला येतील तेव्हा मी मंडपात नसेन. मी खुरट्यापाशी असेन, बादली घेऊन, ही चकती अडकवलेली असेल. पाणी मी घालते, झाड माझं आहे. फाटक करायचं असेल तर वहीप्रमाणे त्यांना मला विचारावं लागेल. सगळ्यांसमोर विचारू देत. मी नाही म्हणणार आहे."